बाळाचा इसब: मलम किती, कधी आणि कुठवर

तान्ह्या बाळांच्या इसबाबद्दल, म्हणजे एक्झिमाबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत औषध बरोबर आहे, चुकतंय ते प्रमाण. त्यामुळे उत्तरांत आकडे जास्त दिसतील.

प्रश्न : मुलगी पाच महिन्यांची आहे. गालांवर, कपाळावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला खरखरीत चट्टे आहेत. डॉक्टरांनी इसब सांगून मॉइश्चरायझर दिलं. रोज लावतो, पण दोन महिने झाले तरी फरक नाही. 50 ग्रॅमची पहिलीच ट्यूब अजून चालू आहे. (सोलापूर)

ट्यूब अजून चालू आहे, हेच फरक न पडण्याचं कारण. दोन महिन्यांत 50 ग्रॅम म्हणजे दिवसाला एक ग्रॅमही नाही. या वयाच्या बाळाला आठवड्याला किमान 100 ग्रॅम लागतं. कातडी फार कोरडी असेल तर 150 ते 200. शंभराचा हिशोब धरला तरी दिवसाला साधारण तीन चहाचे चमचे भरून. तेही फक्त चट्ट्यांवर नाही, सगळ्या अंगाला, आणि दिवसातून दोन-तीनदा. जिथे चट्टा दिसत नाही तिथलीही कातडी कोरडी आणि गळकी असते. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, घाम, धूळ आत शिरून खाज पेटते.

एवढं लावायचं तर महागडी ट्यूब परवडत नाही आणि मग हात आखडतो. साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन असलेलं क्रीम मोठ्या पॅकमध्ये घ्या. थंडीत जेली चांगली. एप्रिल-मेमध्ये तिच्याखाली घाम कोंडून घामोळं उठतं, तेव्हा क्रीमवर या. युरिया असलेलं क्रीम या वयात नको, चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं. डबा असेल तर धुतलेल्या चमच्याने काढा. बोटं घातली की जंतू डब्यात जातात आणि तेच परत बाळाला लागतात.

अंघोळ रोज चालेल, पण 5 ते 10 मिनिटांत उरका. पाणी कोपराला ना गरम ना गार लागेल इतपत कोमट. बिनवासाचा सौम्य क्लेन्झर मान, काखा, जांघा एवढ्यापुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. मग सुती पंचाने टिपा, पुसू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. लव ज्या दिशेला आहे त्या दिशेने, वरून खाली. उलट चोळलं तर केसांच्या मुळांशी पुळ्या येतात.

प्रश्न : औषधाच्या दुकानातून घेतलेल्या ट्यूबने मुलाचे गाल दोन दिवसांत गुळगुळीत झाले. बंद केली की आठवड्याने पुन्हा तेच. आता डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोन लिहून दिलंय. पण स्टिरॉइड म्हणून घरात कोणी लावू देत नाही. शिवाय जिथे आधी चट्टे होते तिथे पांढुरके डाग पडलेत. कोड तर नाही ना? (अहिल्यानगर)

आधी त्या पहिल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सर्वांत तीव्र. तान्ह्या बाळाच्या गालावर त्याला जागाच नाही. तिथली कातडी पातळ, औषध चटकन आत उतरतं. लंगोट किंवा डायपरखाली तर त्याहून जास्त. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय विकायची नसते, तरी विकली जाते. आपण मागू नये, देऊ केली तर घेऊ नये. महिनोन् महिने लावून झाली असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ती कशी थांबवायची हे त्यांनी ठरवायला हवं.

घरच्यांची भीती चुकीच्या ट्यूबला चिकटली आहे. 1 टक्का हायड्रोकॉर्टिझोन सौम्य गटातलं आहे आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं वापरलं तर बाळाला सुरक्षित आहे. घाबरून पुसटसं लावलं की चट्टा अर्धवट बसतो, परत उसळतो आणि शेवटी औषध जास्तच लागतं.

मोजायला बोटाचं पेर वापरा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून सरळ रेघ काढली की ते अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा पूर्ण चेहरा आणि मान भरली असेल तर एक पेर, एका हाताला एक, एका पायाला दीड. चट्टा लहान असेल तर त्या हिशोबाने कमी. दिवसातून एकदा की दोनदा, ते चिठ्ठीवर असेल. मॉइश्चरायझर आणि याच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

थांबायचं कधी, हे डोळ्यांनी नाही, बोटाने ठरवा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. चट्टा करडा, तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि रंग मागे बराच काळ रेंगाळतो. डोळे मिटून बोट फिरवा. खरखर लागते तोवर औषध, गुळगुळीत लागलं की बंद, मॉइश्चरायझर मात्र चालूच. बहुधा पाच-सात दिवसांत हे होतं. दोन आठवड्यांतही झालं नाही तर परत दाखवा. चट्टे वारंवार त्याच जागी येत असतील तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. तो उपचाराचाच भाग आहे, सवय लागल्याचं लक्षण नाही.

पांढुरके डाग बहुधा सूज बसून गेल्याच्या खुणा असतात. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि रेखीव कडांचा असतो; हे फिके आणि कडेला विरत जाणारे असतात. काही आठवडे ते काही महिन्यांत रंग भरतो. पुढच्या तपासणीत तेवढं दाखवून घ्या.

प्रश्न : अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी मोहरीच्या तेलाने मालिश करतात, डाळीचं पीठ आणि साय लावतात, मग शेक आणि धुरी. सासूबाई म्हणतात, यानेच कातडी सुधारेल. (कोल्हापूर)

मालिश ठेवा, बाकीचं बदला. मोहरीचं तेल झोंबतं आणि कातडीचा वरचा थर कमकुवत करतं. ऑलिव्ह तेलाचंही तेच. चट्टे नसलेल्या अंगाला घाण्याचं खोबरेल हलक्या हाताने चालेल. पण ते मॉइश्चरायझरच्या ऐवजी नाही.

डाळीचं पीठ दोन कारणांनी नको. एक, ते घासलं जातं. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे: खायच्या वस्तू फाटलेल्या कातडीतून आत गेल्या की शरीर त्यांना शत्रू समजू शकतं आणि पुढे तीच वस्तू खाल्ल्यावर अॅलर्जी उठू शकते. साय, बदामतेल, शेंगदाण्याचं तेल यांनाही हेच लागू. पोटातून गेलेलं अन्न मात्र बहुधा शरीर आपलंसं करतं.

धुरी पूर्ण बंद. धुराने कातडी आणि श्वासनलिका दोन्ही चिडतात, आणि इसब असलेल्या बाळांना पुढे दम्याचा धोका तसाही जास्त. शिवाय पेट्रोलियम जेली, पॅराफिन कपड्यांत मुरतं आणि असा कपडा ठिणगीने भसकन पेटतो. झबलं-दुपटं धुतलं तरी ते पूर्ण निघत नाही. शेगडी, निरांजन, उदबत्ती बाळापासून लांब ठेवा.

प्रश्न : मी अंगावर पाजते. इसबामुळे मला दूध, अंडी, शेंगदाणे, वांगं सगळं बंद करायला सांगितलंय. बाळाला सहा महिन्यांनी काय द्यावं? (इंदूर)

अंदाजाने काहीही बंद करू नका. इसब मुळात कातडीचा आजार आहे, आणि आईचा आहार कापून तो बहुतेक बाळांत हटत नाही. आईचं कॅल्शियम, प्रथिनं मात्र जातात. अपवाद असा: एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाच्या अंगावर दोन तासांच्या आत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, किंवा उपचार नीट करूनही इसब आटोक्यात येत नाही आणि शौचातून रक्त पडतं. मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तपासणी.

वरचं अन्न लांबवू नका. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लीप या ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाणा सुरू केला, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी फारच कमी मुलांत दिसली. आपल्या घरात ते सोपं आहे: शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत किंवा वरणात. अख्खा किंवा भरडलेला दाणा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. इसब तीव्र असेल तर पहिला घास देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : घरात बोअरचं पाणी आहे. सॉफ्टनर बसवू का? आणि रात्री खाज फार असेल तर दवाखाना कधी गाठायचा? (लातूर)

सॉफ्टनरवर खर्च करू नका. इंग्लंडमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सॉफ्टनर बसवलेल्या घरांतल्या मुलांचा इसब काही जास्त सुधारला नाही. कपडे एकदा जास्त खळबळून घ्या, नखं आठवड्यातून दोनदा कापा, रात्री सुती कपडे घाला आणि पांघरूण हलकं ठेवा.

खाज घरातल्या इतरांनाही रात्री सुटत असेल आणि बाळाच्या तळहात-तळपायांवर पुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं, आणि ते सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यायचं.

मधासारखी पिवळी खपली धरली, चट्टा चिघळून पाणी सुटलं, तर दोन दिवसांत दाखवा. एकसारख्या आकाराचे, टोचून काढल्यासारखे बारीक व्रण एकत्र उठले, ताप आला, बाळ दूध पिईना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या. हा हर्पिस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. डोळ्याजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो. म्हणूनच ज्याच्या ओठावर पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठला आहे, त्याने तो सुकून जाईपर्यंत बाळाचा पापा घेऊ नये, पाहुणा असो की आजोबा.