‘जनावर निघालंय’ म्हणजे नक्की काय निघालंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही बावधनला राहता, परवा पाऊस पडून गेल्यावर रात्री वॉचमनकाकांनी इंटरकॉमवरून सांगितलं की ‘मॅडम, पार्किंगमध्ये जनावर निघालंय, जरा वेळ खाली येऊ नका’, तुम्हाला वाटलं टेकडीवरून एखादी गाय-म्हैस शिरली असेल, म्हणून तुम्ही तशाच चपला अडकवून कचऱ्याची बादली घेऊन खाली गेलात आणि बघता तर तुमच्याच स्कूटरच्या मागच्या चाकापाशी वेटोळं घालून बसलेला साप. तुम्हाला काही झालं नाही हे वाचून खरंच जीव भांड्यात पडला. तुम्ही विचारलंय की सापाला जनावर का म्हणतात, आणि ‘आलंय’ न म्हणता ‘निघालंय’ का. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण मला तो जास्त आवडलाय, इतकी वर्षं हे वाक्य ऐकतेय पण क्रियापदाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

घरात कुठला प्राणी सापडला की आपण काय म्हणतो ते एकदा आठवून बघा. मुंग्या लागतात. वाळवी लागते. उंदीर होतात, ‘आमच्याकडे फार उंदीर झालेत’. मांजर शिरतं, कुत्रं येतं. बिबट्या दिसतो, किंवा येऊन जातो. आणि साप निघतो. विंचूही निघतो. प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं आहे आणि कोणी शिकवलेलं नसताना आपण ते चुकवत नाही. ‘बाथरूममध्ये साप आला’ असं म्हटलं तर चूक नाही, लोक म्हणतातही, पण ऐकताना तो पाहुण्यासारखा दारातून चालत आल्यासारखा वाटतो. ‘साप निघाला’ म्हटलं की चित्रच वेगळं उभं राहतं.

निघणे म्हणजे आतून बाहेर येणे. तांदळात खडा निघतो, विहीर खणताना पाणी निघतं, जुन्या वाड्याच्या भिंतीत मोहरा निघतात, अंड्यातून पिल्लू निघतं. म्हणजे ती वस्तू आधीपासून तिथंच होती, झाकलेली होती, आपल्याला आत्ता कळलं. साप निघाला म्हणताना आपण नकळत हेच कबूल करतो की तो आज आलेला नाही, तो इथंच कुठंतरी होता, फरशीखाली, कुंड्यांच्या मागं, वाळूच्या ढिगात, आपण रोज त्याच्या शेजारून जात होतो. आणि हे बहुतेक वेळा खरंच असतं. साप स्वतः बीळ खणत नाहीत (मांडूळ वगैरे थोडे सोडले तर), ते उंदराच्या बिळात, वारुळात, दगडांच्या सांदीत राहतात, ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण उगाच पडलेली नाही. पाऊस सुरू झाला की बिळांत पाणी भरतं आणि ते बाहेर पडतात. पुण्यात बावधन, पाषाण, वारजे, सिंहगड रोड या भागात जून-जुलैमध्ये हे वाक्य जास्त ऐकू येतं त्याचं हे एक कारण, टेकडीच्या पोटात घरं आहेत आणि खाली उंदीरही भरपूर आहेत.

आता निघणेचाच दुसरा अर्थ बघा. ‘पोरगा हुशार निघाला’, ‘आंबे आंबट निघाले’, म्हणजे वाटलं एक, पण खरं काय ते नंतर कळलं. हा अर्थही सापाच्या बाबतीत सतत लागतो, फक्त उलट्या बाजूने: ‘साप समजून ओरडले आणि पट्टा निघाला’. माझ्यासोबत हे गेल्याच वर्षी झालं. लाइट गेलेली, गच्चीत कपडे काढायला गेले, पायाला काहीतरी गार आणि ओलं लागलं आणि मी जी किंचाळले ती खालच्या मजल्यावरचे दोघं काठ्या घेऊन वर आले. झाडांना पाणी घालायची नळी होती. हिरवी. मोबाइलच्या उजेडात ती नळी आहे हे दिसल्यावरही माझा पाय दोन मिनिटं जमिनीला टेकत नव्हता. वेदान्तवाल्यांनी हजार वर्षांपूर्वीपासून भ्रम समजवायला दोरी आणि सापाचाच दृष्टान्त घेतलाय, रज्जुसर्प, आणि मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं की दुसरा कुठला दृष्टान्त इतका चालला नसता कारण हा प्रत्येकाच्या अंगावरून गेलेला असतो.

‘साप म्हणून भुई धोपटणे’ हा वाक्प्रचार इथलाच. हल्ली लोक तो नुसतं ‘आरडाओरडा करणे’ या अर्थाने वापरतात, पण त्यातला ‘म्हणून’ महत्त्वाचा आहे. हा कारण सांगणारा म्हणून नाही, ‘असं समजून’ या अर्थाचा आहे, जसं ‘मीठ म्हणून साखर घातली’. म्हणजे साप तिथं नाहीच, नुसती जमीन आहे, आणि माणूस तिलाच साप समजून झोडपतोय. साप खरोखर असेल तर हा वाक्प्रचार लागू पडत नाही.

आता जनावर. माझं आजोळ वेल्ह्याकडचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मे महिन्याची सुट्टी, आजी चुलीपाशी आणि मला म्हणाली पडवीतनं चार फाटी घेऊन ये. मी ढिगाशी वाकले, एक लाकूड ओढलं, दुसऱ्याला हात घातला आणि मागून आजीचा आवाज आला, मोठा नाही, उलट एकदम बारीक: ‘जनावर हाये. हात काढ. हळू.’ मला काहीच दिसत नव्हतं, नुसती बाभळीची वाळलेली फाटी दिसत होती, आणि मग त्यातलं एक फाटं सरकलं. पिवळट तपकिरी, माझ्या मनगटाएवढं जाड, शेपूट दिसायच्या आधी इतका वेळ गेला की मला वाटलं हे संपतच नाही. ते कुडाच्या खालून परसात गेलं. आजीने एकदाही साप म्हटलं नाही. दुपारी चहा पिताना शेजारच्या काकूंना सांगत होती तेव्हा मात्र म्हणाली, ‘धामण व्हती, उंदरांच्या मागं येती ती.’ धामण बिनविषारी, चांगली सहा-सात फूट होते, आणि आजीला ती धामण आहे हे त्याच क्षणी कळलं असणार, तिचं आयुष्य त्यात गेलेलं. पण समोर असताना नाव नाही, नाव गेल्यावर.

जनावर हा शब्द फारसीतून आलाय, जान म्हणजे जीव, जनावर म्हणजे जीव असलेलं. आता कोकणातला शब्द बघा, तिकडे सापाला जिवाणू म्हणतात (शाळेत बॅक्टेरियाला जिवाणू शिकलेल्यांना हे ऐकून धक्का बसतो), कोंकणीत जिवाणें. तो जीवावरून. म्हणजे एक शब्द फारसी, एक आपला, पण दोघांनी नेमकं एकच केलं, सापाबद्दल सांगण्यासारखं इतकं असताना त्यातलं सगळं गाळून फक्त ‘काहीतरी जिवंत’ एवढंच ठेवलं. शिवाय किरडू आहे, लांबडं आहे. लांबडं मी सातारा-सांगलीकडच्या लोकांच्या तोंडून खूप ऐकलंय. बंगालीत रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून लता म्हणजे वेल म्हणतात, उत्तर प्रदेश-बिहारकडे कीड़ा म्हणतात. रशियनमध्ये अस्वलाचा शब्दच मुळात ‘मध खाणारा’ असा आहे. नाव घेतलं की हजर होईल ही भीती सगळीकडे आहे.

सगळे याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात, मला ते पुरेसं वाटत नाही. हे चारही शब्द परत बघा: जनावर, जिवाणू, किरडू, लांबडं. चारही नपुंसकलिंगी. साप तो, नाग तो, नागीण ती, धामण ती, घोणस ती, पण जनावर ते. ‘जनावर निघालं.’ मराठीत तिसरं लिंग शिल्लक आहे म्हणून आपल्याला हे करता येतं, हिंदीला येत नाही. दारामागे खुडबुड झाली की आपण आधी ‘काय आहे ते?’ म्हणतो, आणि कळल्यावर ‘मांजर आहे’ किंवा ‘बाबा आहेत’. तसंच हे. अंधारात स्कूटरखाली काहीतरी वळवळताना दिसलं, तो नाग की ती धामण की नुसता बिनविषारी कवड्या साप हे काकांना दहा फुटांवरून कसं कळणार. त्यांना नक्की माहीत असलेल्या गोष्टी दोनच: जिवंत आहे, आणि लपलेलं होतं ते बाहेर आलंय. तेवढ्याच त्यांनी सांगितल्या. जनावर. निघालंय. माझ्या मते यापेक्षा नेमकं वाक्य त्या वेळेला शक्यच नव्हतं.

आणि गाईगुरांशी घोळ का होत नाही, तर बोलणाऱ्यांच्या कानाला तो होतच नाही. गुरं बहुतेक अनेकवचनात असतात, जनावरं सोडली, जनावरांना पाणी दाखवलं. एकवचनी जनावर आणि त्याच्याजवळ निघालं, दिसलं, आडवं गेलं यातलं काही आलं की गावाकडचा माणूस पाय जागीच थांबवतो. म्हशीला ‘निघालंय’ कोणी म्हणत नाही.

चावण्याचीही हीच गत. जुन्या बोलण्यात साप चावला असं न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. इथं तर साप वाक्यातून गेलाच. ऊन लागलं, ठेच लागली, नजर लागली, तसं पान लागलं, कोणी काही केलेलं नाही, आपल्याला लागलं. मला हा वाक्प्रचार फार सुंदर वाटतो पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, दवाखान्यात तो नको. ‘काहीतरी चावलं’ हेसुद्धा नको. मण्यार रात्री फिरते, तिचे दात बारीक असतात, दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, झोपलेल्या माणसाला वाटतं डास नाहीतर मुंगी असेल आणि तो कूस बदलून परत झोपतो. नंतर पापण्या जड होतात, बोलणं अडखळायला लागतं. शंका जरी आली तरी डॉक्टरला सरळ ‘साप चावला असेल’ असं म्हणायचं, मांत्रिकाकडे विष ‘उतरवायला’ वेळ घालवायचा नाही, औषध एकच आहे आणि ते हॉस्पिटलात मिळतं, प्रतिसर्पविष. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्र चालतं, त्यामुळे साप ओळखायला किंवा पकडून न्यायला थांबू नका.

तुम्ही पुढे लिहिलंय की नंतर सर्पमित्र आले आणि त्याला बरणीत घालून घेऊन गेले. या शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी साप पकडणाऱ्याला आपल्याकडे शब्द होता गारुडी. गारुड म्हणजे सापाचं विष उतरवायचा मंत्र, तो गरुडावरून, आणि गरुड सापाचा हाडवैरी. म्हणजे साप हाताळणाऱ्या माणसाचं नाव आपण त्याच्या शत्रूवरून ठेवलं होतं. आणि आता त्याच कामाला आपण मित्र हा शब्द लावतो. इंग्रजीत अजून स्नेक कॅचर म्हणजे पकडणाराच आहे. पुण्याचा यात मोठा वाटा आहे असं मला वाटतं, १९८० साली नीलमकुमार खैरे इथंच काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले, साप उगाच चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी दाखवायला, आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्यामुळेच. शाळेच्या सहलीत आम्ही तिथं काचेला नाक लावून घोणस बघितलेली, ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते हे तिथल्या काकांनी करून दाखवलं होतं, आणि तिथं ते सगळ्यांना बिनधास्त नावाने हाक मारत होते, कोणाला जनावर म्हणत नव्हते. काच मध्ये होती ना.

आणखी एक, कारण खाली कोणीतरी नक्की विचारणार: ‘सापडणे’चा सापाशी काही संबंध नाही. जुन्या पुस्तकात तो सांपडणे असा अनुस्वार देऊन छापलेला दिसेल, सापळा पण सांपळा. सापाच्या डोक्यावर तो टिंब नव्हता. टिंबं काढून टाकल्यावर ते एकसारखे दिसायला लागले, इतकंच.

तर काकांना सांगा की पुढच्या वेळी तुम्हाला कळेल. आणि एक काम कराल का, ते मूळचे कुठले आहेत आणि गावाकडे लहान पोरांना सांगताना ते जनावरच म्हणतात की दुसरा काही शब्द आहे, एवढं विचारून ठेवा. आजी गेल्यापासून मला असे शब्द सांगणारं घरात कोणी उरलं नाही.