विचारा ना : वेल्सचा कलेक्टर कोण?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की भाचीकडे कार्डिफला, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, सहा आठवडे राहून आले, बस, तेवढ्यावरून पत्रं सुरू. मला वाटलं होतं पाऊस कसा, भाजी काय भाव असं कोणीतरी विचारेल, पण वडोदऱ्याच्या मराठी घरांत निम्मी मुलं परदेशात, त्यामुळे सगळ्यांचे प्रश्न एकाच दिशेला, नोकरी आणि पुढे काय. यावेळी ही पाच घेतलीत.

ताई, माझी मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीतून सोशल वर्क करून आता कार्डिफला पब्लिक पॉलिसी शिकतेय. तिला तिथेच सरकारी कामात राहायचंय आणि म्हणे अगदी वरपर्यंत जायचंय. तिचे बाबा रोज विचारतात, परीक्षा कुठली? यूपीएससीसारखं काही आहे का? वेल्सचा कलेक्टर कोण असतो? — एक आई, रावपुरा

कलेक्टर नसतो हो, हीच तर गंमत आहे. बाबांना सांगा की एक परीक्षा दिली, पास झाला, मसुरीला गेला आणि तिशीच्या आत जिल्ह्याचा साहेब झाला असं तिथे होत नाही. ब्रिटनभराची फास्ट स्ट्रीम म्हणून एक स्पर्धा आहे, पण ती फक्त सिव्हिल सर्व्हिसची आणि त्यातूनही कोणी थेट खुर्चीवर बसत नाही. बाकी सगळीकडे प्रत्येक पायरीला नवी जाहिरात, नवा अर्ज, नवा इंटरव्ह्यू. बदली नाही की सिनिऑरिटीने प्रमोशन नाही. तुम्ही दहा वर्षं इमानेइतबारे एका टेबलावर बसलात तर दहा वर्षांनी त्याच टेबलावर असाल.

आधी आकार डोक्यात घ्या. 2011च्या जनगणनेत आपला वडोदरा जिल्हा, छोटा उदेपूर तेव्हा आपल्यातच होता, 41 लाखांच्या वर होता. अख्खा वेल्स देश 2021मध्ये 31 लाख. एवढ्याशा लोकसंख्येला 22 कौन्सिलं (आपल्या महापालिकांसारखी), 7 हेल्थ बोर्डं (सरकारी हॉस्पिटलं चालवणारी), 3 फायर सर्व्हिस, 4 पोलीस दलं (पोलीस मात्र लंडनच्या अखत्यारीत, कार्डिफच्या नाही), नद्या-जंगलं बघायला 2013 साली तीन खाती एक करून केलेली नॅचरल रिसोर्सेस वेल्स, आणि या सगळ्यांवर वेल्श सरकार. 2014मध्ये एका कमिशनने सांगितलं होतं की 22 कौन्सिलं फार झाली, दहा-बारा करा. अजून 22च आहेत, आपल्याकडच्या कमिशनांची आठवण आली ना?

आता एवढ्या छोट्या जागेत वर जाणारी माणसं कशी जातात बघा, शिडीने कमी आणि आडव्या उड्या मारत जास्त. वेल्श सरकारमधली सगळ्यात मोठी सरकारी खुर्ची म्हणजे पर्मनंट सेक्रेटरी, आपल्या चीफ सेक्रेटरीसारखी. 2008मध्ये तिथे गिलियन मॉर्गन आल्या, त्या मुळात डॉक्टर. 2017ला आल्या शॅन मॉर्गन, आडनाव तेच पण नातं काही नाही, त्या परराष्ट्र खात्यातल्या, अर्जेंटिनाला राजदूत राहिलेल्या. 2021ला अँड्र्यू गुडॉल, ते आधी एका हेल्थ बोर्डाचे प्रमुख, मग सात वर्षं अख्ख्या वेल्सच्या एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, प्रमुख, आणि तिथून हे. डॉक्टर, राजदूत, हॉस्पिटलवाला, तिघांचे रस्ते एकमेकांशी कुठेही जुळत नाहीत. अजून एक सांगते, मिशेल मॉरिस म्हणून बाई ब्लायनाय ग्वेंट कौन्सिलच्या प्रमुख होत्या, 2022मध्ये पब्लिक सर्व्हिसेस ओम्बड्समन झाल्या, म्हणजे काल कौन्सिल चालवत होत्या आणि आज कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकतायत! आपल्याकडे कमिशनर साहेबांना असं उलट्या बाजूला बसवलं तर काय मजा येईल.

ही ये-जा मुद्दाम होऊ दिली जाते. 2015चा एक कायदा आहे, पुढच्या पिढ्यांच्या हिताचा, त्याने प्रत्येक भागात पब्लिक सर्व्हिसेस बोर्ड नावाचं एक टेबल मांडलंय आणि त्याभोवती कौन्सिल, हेल्थ बोर्ड, फायर, नॅचरल रिसोर्सेस यांनी एकत्र बसायचंच. पुढे मोठी पोस्ट निघते तेव्हा या टेबलावर तुम्ही दुसऱ्या खात्याशी कसे वागलात हे आधीच गावभर झालेलं असतं. रावपुऱ्यात शिंकलं की मांडवीत ऐकू येतं तसं. भाची म्हणते की इथे कोणाशी वाकडं घेऊन जमत नाही कारण पाच वर्षांनी तोच माणूस इंटरव्ह्यू पॅनलवर बसलेला असतो.

मुलीसाठी कामाचं म्हणजे, वेल्श सरकारची अकॅडमी वेल्स म्हणून लीडरशिप शिकवणारी संस्था आहे, तिचं सगळ्या सरकारी संस्थांतल्या मोठ्या लोकांसाठी समर स्कूल असतं, आणि नव्या मुलांना वेगवेगळ्या सरकारी संस्थांत कामाला लावणारा ग्रॅज्युएट प्रोग्रॅमही तिने चालवलाय. एनएचएस वेल्सचा मॅनेजमेंट ट्रेनिंगचा प्रोग्रॅम वेगळा. दोन्हींच्या जाहिरातींवर तिने आत्तापासून डोळा ठेवावा. सिव्हिल सर्व्हिसच्या बऱ्याच पोस्टना कॉमनवेल्थचे नागरिक चालतात, म्हणजे आपण चालतो, पण कामाचा परवाना हातात हवा आणि खरी अडचण तिथेच आहे. व्हिसाचे नियम तिकडे हल्ली फार भरभर बदलतात, एजंटचं ऐकू नका, सरकारी साइटच वाचा. आणि हो, कौन्सिलमधल्या सोशल वर्कच्या नोकरीला कमी समजू नका, पण "सोशल वर्कर" असा हुद्दा लावायचा तर तिथल्या सोशल केअर वेल्सकडे नाव नोंदवावं लागतं, ते करून ठेव म्हणावं.

बाबांसाठी एक प्रसंग. भाचीच्या गावच्या कौन्सिलची मीटिंग मी गॅलरीत बसून बघितली, कोणीही जाऊन बसू शकतं. दारात हेडफोन दिला, मला कळेना कशाला, मग एक मेंबर उठून वेल्शमध्ये बोलायला लागले आणि कानात इंग्रजी सुरू झालं. अध्यक्षांच्या बाजूला एक बाई बसल्या होत्या, पिशवीतून स्टीलचा थर्मास काढला, स्वतःच चहा ओतून घेतला, झाकण पडलं ते वाकून स्वतःच उचललं. मी समजले क्लार्क असतील. भाची कानात म्हणाली, मावशी, त्या चीफ एक्झिक्युटिव्ह आहेत, हजारो माणसं आहेत त्यांच्या हाताखाली. ना पट्टेवाला ना दिव्याची गाडी. मुलीला जर तो दिवा हवा असेल तर तिने परत यावं आणि यूपीएससी द्यावी, खरंच सांगते.

मी सयाजी हॉस्पिटलजवळ राहायचे, नर्सिंग इथेच केलं, आता दोन वर्षं नॉर्थ वेल्समध्ये बँड 5वर, म्हणजे नर्सच्या पहिल्या पगारपायरीवर, आहे. इथे साऊथ इंडियन, फिलिपिनो पुष्कळ आहोत पण वर बघितलं तर आमच्यासारखं कोणी दिसत नाही. नर्सने मोठ्या खुर्चीची स्वप्नं बघावीत का? — एक नर्स

बघावीत. तू ज्या बोर्डाच्या हद्दीत आहेस त्याचं नावच एका नर्सचं आहे. बेट्सी कॅडवॉलडर, 1789चा जन्म, बाला गावाजवळची, साठी उलटल्यावर क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करायला गेली, नाइटिंगेलबाईंशी तिचं फारसं पटलं नाही म्हणतात. आणि आताचं बघ, कॅरल शिलाबियर, त्याही मूळ नर्स. पोविसच्या हेल्थ बोर्डात नर्सिंग डायरेक्टर, मग तिथल्याच प्रमुख. पोविस म्हणजे क्षेत्रफळाने वेल्सचा चौथा हिस्सा आणि त्यात मोठं जिल्हा हॉस्पिटल एकही नाही, पेशंट सीमेपलीकडे इंग्लंडात पाठवावे लागतात, असलं बोर्ड चालवून दाखवलं आणि मग 2023मध्ये त्यांना उत्तरेकडे बोलावलं. तुमचं बोर्ड तेव्हा नुकतंच दुसऱ्यांदा स्पेशल मेझर्समध्ये गेलं होतं, म्हणजे सरकारची सगळ्यात कडक देखरेख, पहिली वेळ 2015 ते 2020. अशा वेळी नर्सच्या हातात सूत्रं दिली हे लक्षात ठेव.

प्रत्येक हेल्थ बोर्डात नर्सिंगचा एक एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर असतोच, तेव्हा रस्ता आहे. वॉर्ड मॅनेजर, मेट्रन, हेड ऑफ नर्सिंग, मग बोर्ड. अवघड जागा बँड 6 आणि 7च्या मध्ये आहे कारण तिथे हात चांगला चालतो याच्या पलीकडचं विचारतात, रोटा म्हणजे ड्यूट्या कशा लावल्यास, तक्रार आली तेव्हा काय केलंस, कुठली गोष्ट तुझ्यामुळे बदलली. आपल्या मुली इथे मार खातात, "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं" म्हणतात. तिथे "मी केलं" म्हणावं लागतं, लाजत असशील तर आरशासमोर उभं राहून सराव कर.

आमच्यासारखं कोणी दिसत नाही हे तुझं खरं आहे, मी त्यावर गोड बोलणार नाही. सरकारलाही माहितीय, 2022मध्ये वंशभेदाविरुद्ध मोठा आराखडा काढला आणि 2030चं साल धरलंय. कागद कागदाच्या जागी. पण त्याच वर्षी मुलांच्या हक्कांच्या कमिशनर म्हणून रोसिओ सिफुएंतेस आल्या, चिलीत जन्म, तान्ही असताना आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून स्वानसीला आलेल्या. त्यांनी कित्येक वर्षं वांशिक अल्पसंख्याक तरुणांसाठी काम करणारी संस्था चालवली आणि तिथून थेट ही खुर्ची.

पगार किती हो या साहेब लोकांना? कोणी खरं सांगतच नाही. — उगाच विचारतोय, मकरपुरा

उगाच नाही विचारत तुम्ही, पण चालेल. आणि सांगायची गरजच नाही, छापलेलं असतं! प्रत्येक कौन्सिलला दरवर्षी पगाराचं धोरण जाहीर करावं लागतं, 60 हजार पौंडांच्या वर किती लोक आहेत ते पाच-पाच हजारांचे टप्पे करून हिशेबात दाखवावं लागतं आणि दीड लाख पौंडांच्या वर गेलात तर नावानिशी. लाख पौंड किंवा वरची पोस्ट असेल तर, थोड्या महिन्यांची नेमणूक सोडली तर, उघड जाहिरात द्यावीच लागते. कौन्सिलच्या चीफ एक्झिक्युटिव्हचा पगार साधारण लाखाच्या पुढेच असतो. लगेच रुपयांत करून बघू नका, टॅक्स आणि घरभाडं कापल्यावर करा. नेमणूक निवडून आलेले कौन्सिलर करतात, म्हणजे आपल्याकडे कमिशनर गांधीनगरच्या ऑर्डरने येतात आणि नगरसेवकांना पेपरातून कळतं, तिथे नगरसेवकच इंटरव्ह्यू घेतात आणि मत देतात.

वेल्श शिकावंच लागतं का? इंग्रजी येतं की. — एम. एस.चा विद्यार्थी

वडोदऱ्यात राहून हा प्रश्न विचारतोस? तुझ्या आजोबांना गुजराती आल्याशिवाय इथल्या पेढीवर कोणी उभं केलं असतं का? असो. 2021च्या जनगणनेत वेल्श येतं म्हणणारे 17.8 टक्के, म्हणजे पाच लाख अडतीस हजारांच्या आसपास, आणि 2050पर्यंत दहा लाख करायचंय असं सरकारने ठरवलंय. जाहिरातीत लिहिलेलं असतं, वेल्श आवश्यक की असल्यास उत्तम. कार्डिफ, न्यूपोर्टकडे बऱ्याच पोस्टना इंग्रजीवर भागतं, ग्विनेड कौन्सिलचं मात्र आतलं कामकाजच वेल्शमध्ये चालतं, तिथे नुसत्या इंग्रजीने कपाळावर हात मारशील. 25 वर्षांपर्यंतच्यांना क्लास फुकट असतात. वर जायचं असेल तर निदान मीटिंगच्या सुरुवातीची चार वाक्यं तरी हवीत, बोरे दा, म्हणजे सुप्रभात, म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. रस्त्यावर मोठ्या अक्षरात "आराफ" लिहिलेलं असतं, म्हणजे हळू, मी ते सहा आठवडे कोणाचं तरी नाव समजत होते.

बाई, आपल्या गावात पाणी धड येत नाही आणि तुम्ही वेल्सच्या साहेबांच्या करिअरवर पानं भरताय. आम्हाला काय त्याचं? वर्गणी बंद करू का? — एक जुने वाचक, दांडिया बाजार

काका, रागावू नका. तुम्ही राहता त्याच गावात 1875 साली मल्हारराव पायउतार झाल्यावर बारा वर्षांच्या सयाजीरावांचं राज्य सांभाळायला कोणाला आणलं? सर टी. माधवराव. माणूस मराठी पण घराणं तंजावरकडचं, जन्म कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, 1872पर्यंत, मग 1873ला इंदूरला होळकरांकडे, दोन वर्षांत तिथून बडोद्याला, आणि 1882पर्यंत इथे. तीन राज्यं, तीन भाषा, तीन दरबार! आज वेल्समध्ये अर्ज केला असता तर पॅनलने पहिलं विचारलं असतं की इंदूर दोनच वर्षांत का सोडलं. म्हणजे एका संस्थेत तयार झालेला माणूस दुसरीने उचलून न्यायचा ही पद्धत आपल्याला काही नवी नाही. मधेच कधीतरी आपण ती सोडली आणि ऑर्डरची वाट बघत बसलो. दांडिया बाजारातल्या कोणीतरी तेव्हाही म्हटलं असेलच, हा मद्रासकडचा माणूस कशाला आणलाय.

वर्गणी मात्र बंद करू नका, पाण्याच्या प्रेशरबद्दल तुमचं आधीचं पत्र माझ्याकडे आहे, वॉर्ड ऑफिसात दोन खेपा झाल्यात, दोन्ही वेळा साहेब मीटिंगला गेले होते. मंगळवारी परत जातेय, थर्मास घेऊन.