‘एमडीआर’ तपासणी बाहेरून करून घ्यावी का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. उपचारांचा पहिला महिना संपत आलाय. नात्यातले एकजण म्हणतात, ‘एमडीआर’ तपासा. ती पॉझिटिव्ह आली तर औषधं लागूच पडत नाहीत. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, या तपासणीवर पैसे घालवू नका. एमडीआर म्हणजे ‘मल्टिड्रग रेझिस्टन्स’, रोगपेशींनी एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणं. पी-ग्लायकोप्रोटीन हे पेशीच्या आवरणातलं प्रथिन १९७६ साली सापडलं. विहिरीवरच्या पंपासारखं ते व्हिन्क्रिस्टीन, डॉनोरुबिसिन ही औषधं पेशीतून बाहेर उपसतं. एमडीआर-१ हे त्याचंच जनुक. पण मुलांच्या या ल्युकेमियात त्यावरून पुढचं भाकीत करू पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. शिवाय मेथोट्रेक्सेट, अ‍ॅस्परॅजिनेज ही तिची इतर औषधं या पंपाच्या फारशी तावडीत सापडत नाहीत. पंप बंद करायला सायक्लोस्पोरिनही देऊन पाहिलं गेलं, मुलांच्या मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात. जगण्याचं प्रमाण त्यानं वाढलं नाही.

तुम्ही ‘एमआरडी’ मात्र चुकवू नका. ही वेगळी तपासणी; ‘मिनिमल रेसिड्युअल डिसीज’, म्हणजे उपचारांनंतर उरलेला थोडासा रोग. पहिला टप्पा संपताना कमरेच्या हाडातून मगज (अस्थिमज्जा) काढतात आणि फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, उरलेल्या रोगपेशी मोजतात. दहा हजारांत एकीपेक्षा कमी, म्हणजे ०.०१ टक्क्याच्या आत, हा आकडा चांगला. जास्त आला तर उपचार वाढवतात. आशा सोडायचं ते कारण नव्हे. नमुना सिरिंजच्या पहिल्याच ओढीचा घ्या, असं डॉक्टरांना जरूर म्हणा. नंतरच्या ओढीत रक्त मिसळतं आणि आकडा फसवा येतो.