कड तुटलेलं ५ रुपयांचं नाणं: एरर की कापलेलं?

तुमचा प्रश्न असा: जाड ५ रुपयांच्या नाण्याची कड एका बाजूला चंद्रकोरीसारखी गायब आहे, ते टांकसाळीतूनच चुकून तसं आलं (म्हणजे एरर) की कुणी कापलं, आणि विकलं तर किती येतील?

आधी क्लिपच्या, म्हणजे त्या गायब भागाच्या, बरोबर समोरची कड बघा. क्लिप तीनच्या काट्यावर असेल तर नऊच्या काट्यावर बघा. तिथली कड बसकी, अर्धवट उठलेली, जवळपास मैदानात (नाण्याच्या सपाट भागात) मिसळलेली असेल तर नाणं बहुतेक खरं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती कोर गेलेलीच निघते. मग तिची कड उठवणाऱ्या यंत्रात गेलेल्या बाजूला दाब बसत नाही, म्हणून बरोबर समोरही कड नीट उठत नाही. कानशीवाल्याला हे जमत नाही, कारण तो पूर्ण तयार नाणं कापतो. दुसरी खूण क्लिपला लागून असलेल्या अक्षरांची. खऱ्यात ती कडेकडे जाता जाता पुसट होतात, ओढल्यासारखी दिसतात. कापलेल्यात शेवटपर्यंत ठसठशीत असतात आणि अचानक संपतात.

हे इतकं पोटतिडकीने लिहितोय, कारण पुण्यातल्या एका प्रदर्शनात माझं असंच नाणं एका ज्येष्ठ संग्राहकांनी दोन बोटांत धरलं आणि चार लोकांसमोर सांगितलं, "पोरा, हे कानशीने घासलंय. एरर म्हणजे सगळं भंगार." मी म्हटलं, "काका, समोरची कड तरी बघा." बघितली नाही. भिंग त्यांच्या खिशातच होतं. त्यांच्या स्वतःच्या मांडणीत मानाच्या जागी १९११चा पंचम जॉर्जचा रुपया होता. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२मध्ये हत्ती बदलला, तोच हा रुपया. खोदणाऱ्याचा हात चुकला तर तो इतिहास, आणि पंच चुकला तर भंगार? हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. नाणं कसं बनतं हे चुकलेल्या नाण्याइतकं स्पष्ट दुसरं कुठलंच नाणं दाखवत नाही.

मात्र बाजारात एररच्या नावाखाली खरोखरच कचरा विकला जातो. "मिंटमार्क (टांकसाळीची खूण) नसलेलं दुर्मिळ नाणं" म्हणजे कोलकात्याचं साधं नाणं, तिथल्या नाण्यांवर ही खूण नसतेच. अंक दुहेरी दिसतो म्हणून नाचू नका. दुसरी रेघ सपाट पायरीसारखी असेल तर ठोकताना डाय (छाप उठवणारा साचा) हलली एवढंच, त्याला किंमत नाही. दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून केलेली "ब्रोकेज", म्हणजे एका बाजूचाच उलटा छाप दुसऱ्या बाजूवर उठल्यासारखी दिसणारी नाणी, तर ढिगाने मिळतात. उलटा छाप दिसतो, पण खाली मूळ ठसा चेपलेला राहतो आणि मागची बाजू सपाट झालेली असते.

किंमत? ठरलेला दर नसतो. क्लिप किती मोठी, साल वाचता येतं का, यावर ठरते. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या आकड्यांवर जा, कुणी मागितलेल्या आकड्यांवर नाही. "नाणं लाखात घेतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनेही २०२१मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल इशारा दिला होता.

एक राहिलंच. क्लिप अगदी लहान असेल तर समोरची कड चांगलीही असू शकते, आणि खूप वापरलेल्या नाण्याची कड सगळीकडेच झिजलेली असते. तेव्हा एकाच खुणेवर निकाल देऊ नका. वजनावर तर नकोच: पूर्ण नाणं ९ ग्रॅमचं, पण कापलेलंही हलकंच भरणार. नाणं घासूनपुसून चमकवू नका. समोरच्या कडेचा, तिरप्या उजेडात काढलेला फोटो टाका, मग बोलू.