आजोबांची वही आणि बियाण्याचं पिंप

प्रिय सई,

सुट्टीत गावाला गेलो तेव्हापासून तू विचारतेयस, आजोबांकडे आता पैसे आहेत मग ते रुपया रुपया वहीत का लिहितात, आणि ज्वारीच्या त्या एका पिंपाला कुणाला हात का लावू देत नाहीत. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

बाळा, आपलं गाव मंगळवेढ्याकडचं, काळी जमीन, सगळी रब्बीची ज्वारी आणि तीही पावसाच्या भरवशावर. १९७२ ला पाऊस गेलाच, हस्तसुद्धा कोरडा गेला, पेरणीच झाली नाही. घरात आठ माणसं. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी धड थापता यायची नाही असं आजी अजून सांगते. आणि त्याच घरात, माळ्यावर, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली आपली मालदांडी ज्वारी होती, बियाण्याची. तिला कुणी हात लावला नाही.

का ते हिशोबानं बघ. एकरी साधारण चार किलो बी लागतं, दहा एकराला चाळीस. ते खाल्लं असतं तर घर दहा-बारा दिवस चाललं असतं, बस. आणि पुढच्या वर्षी पेरायला सावकाराकडून वाढीदिढीनं आणावं लागलं असतं, म्हणजे एक पोतं नेलं की सुगीला दीड पोतं परत, आणि एकदा त्यात पाय अडकला की सुटत नाही, गावातली कितीतरी घरं अशीच बुडाली.

मग आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर गेले, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लावून खडी फोडायला (याच कामांमधून पुढे रोजगार हमी आली, तिचा कायदा १९७७ चा). आठवड्याचा पगार आला की आजोबा आधी वहीत लिहायचे आणि मगच खर्च, ती सवय तेव्हाची. माझ्या आत्याचं लग्न ठरलेलं होतं ते पुढे ढकललं, लोक बोलले, बोलू दिलं. गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरायला आजीनं पाटल्या मोडल्या पण जमीन गहाण टाकू दिली नाही, सोनं पुन्हा करता येतं, सावकाराकडे गेलेलं रान येत नाही असं ती म्हणायची आणि मला ते शंभर टक्के पटतं.

१९७३ ला पाऊस झाला. वाफसा आल्या आल्या, म्हणजे जमीन पेरणीजोगी होताच, आपली पेरायची तिफण रानात होती, बी मागायला कुणाच्या दारात जायचं नव्हतं ना! सुगी झाल्यावर आधी पुढचं बी बाजूला काढलं, मग सोसायटी, मग आत्याचं लग्न. पाटल्या बऱ्याच वर्षांनी झाल्या आणि त्याही आजीनं हलक्याच करायला लावल्या, उरलेल्या पैशात विहीर खोल घेतली.

तुझी,
आई