सेल्टिक या फुटबॉल क्लबचे चाहते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे, मग सामन्यात आयर्लंडचा झेंडा का?

कारण क्लब मुळात आयरिश स्थलांतरितांचा. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळानंतर हजारो आयरिश कॅथलिक ग्लासगोत आले. त्यांच्या वस्तीतल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मसेवकांनी १८८७ मध्ये सेल्टिक काढला. १९५२ मध्ये स्कॉटिश फुटबॉल संघटनेने मैदानावरचा आयरिश झेंडा उतरवायला सांगितलं, सेल्टिकने साफ नकार दिला. गंमत म्हणजे तेव्हा सेल्टिकची बाजू घेतली ती रेंजर्सने, म्हणजे ग्लासगोतल्याच प्रोटेस्टंट परंपरेच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबने, ज्यांच्या स्टँडमध्ये युनियन जॅक फडकतो! पण झेंड्यावरून माणसाचा धर्म किंवा देश ठरवायला जाऊ नका. सेल्टिकला १९६७ चा युरोपियन कप जिंकून देणारे प्रशिक्षक जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते, आणि लहानपणी रेंजर्सवर जीव असलेला खेळाडू केनी डॅलग्लिश सेल्टिककडूनच मोठा झाला, खेळला मात्र स्कॉटलंडसाठी.