सभा विसाची, धावपळ बाराच्या आतली

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे सोलापूर महापालिकेत प्रशासकच सर्व काही होते. आयुक्तांच्या सहीने ठराव व्हायचे, विषयपत्रिका कुणाच्या हाती लागत नव्हती. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर पुन्हा १०२ नगरसेवक आले, आणि ‘आमचा विषय कुठं अडकलाय?’ अशी विचारणा करणारी पत्रेही वाढली. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचा विषय ‘पुढच्या सभेत घेतो’ असं नगरसेवक तीन महिने सांगताहेत. खरंच सभेतच अडकतो का विषय?
— एक वाचक, विडी घरकुल

सभेत क्वचितच अडकतो. बहुतेकदा तो सभेपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तीही २० तारखेच्या आत. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका सात पूर्ण दिवस आधी निघायला हवी. नोटीस निघाल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही. म्हणजे २० तारखेची सभा असेल तर १२ तारखेला कागद नगरसचिवांच्या (सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयातून बाहेर पडलाच पाहिजे. त्याआधी तो छापायचा असतो. त्याच्याही आधी खात्याची टिपणी आयुक्तांच्या सहीने नगरसचिवांकडे यायला हवी. हिशेब केला तर महिन्याचा पहिला आठवडा हीच खरी मुदत. १५ तारखेला नगरसेवकाच्या घरी निवेदन दिलंत, तर ते पुढच्या महिन्याचं झालं.

पण तुमचं काम सभेचं आहे का, हे त्याआधी बघा. चेंबर तुंबलाय, झाकण फुटलंय, दिवा बंद आहे, यासाठी कुठल्याच ठरावाची गरज नाही. ते विभागीय कार्यालयाचं रोजचं काम आहे. तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या. जुनी लाइन काढून मोठी टाकायची असेल तर खात्याने कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करायचं, निविदा काढायची आणि रक्कम मोठी असेल तर ती स्थायी समितीपुढे न्यायची. सोळा नगरसेवकांची, खर्चाला मान्यता देणारी ही समिती आठवड्याला बसू शकते, महिनाभर थांबायचं कारण नाही. सर्वसाधारण सभेकडे जातात ते धोरणाचे, जागेचे, आरक्षण बदलाचे, करांचे, मोठ्या योजनांचे आणि अर्थात चौकांच्या नामकरणाचे विषय. (नामकरणाचे विषय मात्र कधी मुदत चुकवत नाहीत, हे आमचं निरीक्षण.)

तेव्हा नगरसेवकांना एवढंच विचारा: “अंदाजपत्रक झालंय का? कुठल्या लेखाशीर्षातून?” (लेखाशीर्ष म्हणजे पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकातला त्या खर्चाचा रकाना.) या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, तर विषय अजून जन्मालाच आलेला नाही.

‘सभासद प्रस्ताव’ म्हणजे काय? तो दिला की विषय पक्का का?
— एक वाचक, अशोक चौक

नगरसेवकाने स्वतः लेखी दिलेला विषय, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीचा. पक्का मुळीच नाही. खात्याच्या टिपणीमागे मोजमाप, खर्च आणि तरतूद असते. सभासद प्रस्तावामागे बहुधा एक परिच्छेद असतो. म्हणून सभेत त्यावर ‘प्रशासनाचा अभिप्राय घेऊन फेरसादर करावा’ असा शेरा पडतो आणि दोन महिने जातात. जाणते नगरसेवक प्रस्ताव देण्याआधीच खात्याच्या अभियंत्याकडून जागेची पाहणी करून घेतात, नकाशा आणि अंदाजे खर्च जोडतात. तसा प्रस्ताव पहिल्याच फेरीत सुटतो.

ऐनवेळचा विषय हा दुसरा मार्ग, पण तो निकडीसाठी आहे. विषयपत्रिकेत नसलेलं काम सभेत घ्यायला साधं बहुमत पुरत नाही. आणि घाईत, कागद न वाचता मंजूर झालेल्या विषयांनाच पुढे न्यायालयाचा किंवा शासनाचा रस्ता दिसतो.

आम्ही हद्दवाढ भागात राहतो. दहा वर्षं घरपट्टी भरतो, तरी रस्त्याला ‘जागा ताब्यात नाही’ म्हणतात. हे काय गौडबंगाल?
— एक वाचक, जुळे सोलापूर परिसर

गौडबंगाल नाही, सातबारा आहे. १९९२ च्या हद्दवाढीत शहराभोवतीची गावं महापालिकेत आली. तिथल्या शेतजमिनींचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकले गेले. विकणाऱ्याने कागदावर २० फुटी रस्ता दाखवला, पण तो महापालिकेच्या नावे कधी केला नाही. जमीन उताऱ्यावर अजून मूळ मालकाच्याच नावे आहे. खासगी जागेवर पालिकेचा पैसा घातला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, म्हणून अभियंता सहीच करत नाही. घरपट्टी भरल्याने ती अडचण जात नाही. कर बांधकामावर असतो, रस्त्याच्या मालकीशी त्याचा संबंध नाही.

वाट अशी. पहिलं, गुंठेवारी अधिनियम २००१ खाली नियमितीकरण. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसतात. एकट्याने न जाता अख्ख्या गटाने अर्ज करा. एका घराचा अर्ज मंजूर होऊन रस्त्याचा प्रश्न सुटत नाही. दुसरं, रस्त्याची जागा महापालिकेच्या नावे करून देण्याचं मूळ मालकाचं किंवा वारसांचं लेखी संमतिपत्र मिळवा आणि मोजणी करून घ्या. तिसरं, कामांचा क्रम पाळायला लावा: आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, घराघराची जोडणी, आणि शेवटी रस्ता. रस्ता आधी मागून घेणारी वसाहत वर्षभरात तोच रस्ता खोदलेला बघते. खोदून बुजवलेला चर दाबला जात नाही, पहिल्या पावसात खचतो आणि दोष डांबराला लागतो.

सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वज मार्गाचं डांबरीकरण दरवर्षी शेवटच्या आठवड्यातच का होतं? जानेवारीत यात्रा आहे हे काय कुणाला माहीत नसतं?
— एक वाचक, मधला मारुती

तारीख सगळ्यांना पाठ असते. चुकतो तो उलटा हिशेब. अक्षता सोहळ्यापासून, म्हणजे यात्रेच्या मुख्य विधीपासून, मागे मोजत या.

डांबराचं काम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपायला हवं. सात नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या), मानकरी आणि अनवाणी भाविक ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात, ताजी खडी पायांत टोचते. प्रत्यक्ष कामाला दोन-तीन आठवडे धरा, म्हणजे कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) डिसेंबरच्या मध्याला हातात पाहिजे. त्याआधी स्थायी समितीची मान्यता, त्याआधी निविदा उघडणं आणि दरांची छाननी: तीन आठवडे. निविदेची मुदत आणखी पंधरा दिवस ते तीन आठवडे. पहिल्या वेळी पुरेशा निविदा आल्या नाहीत तर फेरनिविदा, म्हणजे अजून दहा-पंधरा दिवस. त्याच्या मागे तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता. गोळाबेरीज चौदा-सोळा आठवड्यांची होते. याचा अर्थ मार्गाची पाहणी गणेशोत्सवाच्या सुमारास व्हायला हवी.

होतं काय? ऑक्टोबरात पाऊस संपल्यावर खड्डे दिसतात, दिवाळीनंतर बैठक बसते, पाहणीचे फोटो नोव्हेंबरात छापून येतात. तोवर पाच-सहा आठवडे गेलेले असतात. मग एकतर कामाचे तुकडे पाडून छोट्या रकमांत बसवतात किंवा फक्त पॅचवर्क करतात. पॅचवर्क मार्चपर्यंत टिकलं तरी खूप.

पावसाळ्यात डांबर टाकता येत नाही, हे खरं. ओल्या पृष्ठभागावर ते धरत नाही. पण निविदा पावसाळ्यात काढायला काय हरकत? कागदाला पाऊस लागत नाही. तुमच्या नगरसेवकाकडून ऑगस्टच्या सभेत यात्रा मार्गाच्या कामांचा अहवाल मागवून घ्या. नोव्हेंबरात मागून काही उपयोग नाही.

उन्हाळ्यात पाण्यावरून सभेत एवढा गोंधळ होतो, तरी पाणी चार-पाच दिवसांनीच. मग सभेचा उपयोग काय?
— एक वाचक, नई जिंदगी

गोंधळ एप्रिलमध्ये होतो, निर्णय हिवाळ्यात घ्यायचे असतात.

शहराला पाणी तीन वाटांनी येतं. उजनी धरणातून थेट जलवाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात. उजनीतून भीमा नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून, टाकळीहून उपसून सोरेगावला. आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात. यातली नदीची वाट महापालिकेच्या हातात नाही. धरणातून पाणी केव्हा सोडायचं हे जलसंपदा खातं आणि कालवा सल्लागार समिती ठरवतात. सोडलेलं पाणी औजला पोहोचायला कित्येक दिवस लागतात, आणि वाटेत नदीकाठचे पंप ते उचलतात. म्हणून मागणीचं पत्र बंधारा आटल्यावर नव्हे, पातळी घसरायला लागताच जायला हवं, सोबत नदीकाठचा वीजपुरवठा मर्यादित करण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडे.

महापालिकेच्या हातात काय? पंपांची दुरुस्ती, जादा पंपसंच, गळत्या, कूपनलिका, टँकरचे दर. यांच्या निविदा जानेवारीपर्यंत मंजूर झाल्या तर मार्चला यंत्रणा उभी राहते. वीज गेली की उपसा थांबतो. लाइन रिकामी झाली की पुन्हा भरून दाब यायला तास जातात. मग त्या दिवशीच्या टाक्या भरत नाहीत आणि अख्खं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं. ‘चार दिवसांआड’चं ‘पाच दिवसांआड’ होतं ते असं.

उजनीहून येणाऱ्या दुहेरी जलवाहिनीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. ते काम स्मार्ट सिटीशी जोडलेलं. शहराची निवड जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत झाली आणि त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली. कंपनीचे निर्णय संचालक मंडळात होतात, सर्वसाधारण सभेत नव्हे. सभेत त्यावर भाषणं ऐकायला मिळतात, हिशेब मात्र कंपनीकडे मागावा लागतो.

पक्षबैठकीत सगळं ठरतं, सभा नुसती नावाला, असं म्हणतात. खरं का?
— एक वाचक, नवी पेठ

बरंचसं खरं. विषयपत्रिका हाती आली की सत्ताधाऱ्यांची पक्षबैठक होते आणि कोणता विषय मंजूर, कोणता तहकूब, कोणता दप्तरी दाखल (म्हणजे बंद) हे तिथे ठरतं. पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे पक्षाच्या नगरसेवकांच्या गटाची नोंदणी झालेली असते. पक्षादेश मोडला तर १९८६ च्या अपात्रतेच्या कायद्याने पद जाऊ शकतं, त्यामुळे सभागृहात मन बदलण्याची शक्यता थोडीच. आपलं म्हणणं पक्षबैठकीच्या आधी गटनेत्यापर्यंत पोहोचवा. विरोधी गटनेत्यालाही प्रत द्या. उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारी सूचना, बहुधा तिकडून येते.

आमच्या उद्यानाचा ठराव एकमताने झाला. तरी अजून वीटही हललेली नाही.
— एक वाचक, सात रस्ता परिसर

ठराव म्हणजे परवानगी, पैसा नव्हे. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत आणि महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत ठरवायचं असतं. आयुक्त ते स्थायी समितीला देतात, समिती त्यात भर घालून सभेला देते, सभा आणखी भर घालते. दरवेळी जमेची बाजूही फुगवावी लागते, नाहीतर खर्च बसत नाही. प्रत्यक्षात वसुली तेवढी होत नाही, आणि वर्षअखेरीस ‘तरतूद आहे, निधी नाही’ हे वाक्य ऐकू येतं. उद्यानाच्या लेखाशीर्षात तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, एवढंच आधी विचारा.

दुसरी शक्यता: ठराव कायद्याविरुद्ध किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध वाटला तर तो महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली विखंडित (रद्द) करण्यासाठी शासनाकडे जातो. शासन आधी स्थगिती देतं, म्हणणं मागवतं, मग निर्णय. तोवर काम बंद. तुमचा ठराव तिथे आहे का हे नगरसचिवांकडे कळेल.

तिसरी शक्यता आचारसंहिता. ती लागली की नवा कार्यादेश निघत नाही, चालू काम मात्र थांबत नाही.

सामान्य माणसाला सभा बघता येते का? ठरावाची प्रत कशी मिळवायची?
— एक वाचिका, भवानी पेठ

येते. सभा जनतेसाठी खुली असते, बहुमताने बंद ठेवायची ठरवली तरच नाही. गॅलरीचा प्रवेश नगरसचिव कार्यालयात विचारून घ्या आणि विषयपत्रिका सोबत ठेवा, नाहीतर ‘विषय क्रमांक सात, मंजूर’ यापलीकडे काही कळत नाही. सभा शोकप्रस्तावानंतर तहकूब होण्याची शक्यता धरूनच जा. पुढची तारीख तिथेच जाहीर होते.

प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहिलात तर ‘माहिती संदिग्ध’ म्हणून अर्ज परत यायला जागा उरत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. तुमची वैयक्तिक तक्रार असेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. त्याचा अर्ज मात्र पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.